कापडी पिशवीत सुकते, प्लास्टिकमध्ये सडते: फ्रिजमधली भाजी ठेवायची कशात?

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही दोघंही नोकरी करतो, रविवारी आठवड्याची भाजी आणतो. प्लास्टिकबंदीनंतर कापडी पिशव्या शिवून घेतल्या, पण त्यात मेथी-पालक दोन दिवसांत सुकतात. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं तर आत पाणी सुटतं आणि कोथिंबीर चिकट होते. भेंडी कशातही ठेवली तरी काळी पडते. आईच्या जुन्या फ्रिजमध्ये असं होत नसे. पिशवीला भोकं पाडायची का? ताजेपणा टिकवणाऱ्या म्हणून ज्या हिरव्या पिशव्या मिळतात त्या घ्याव्यात का? आणि सुकलेल्या भाजीचं काही करता येतं का?"

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आलंय. कापडात सुकते आणि प्लास्टिकमध्ये सडते, म्हणजे तुम्हाला दोन्हींच्या मधलं काहीतरी हवंय, आणि ते तुमच्या घरातच आहे. पण नुसतं "अमुक पिशवी वापरा" म्हटलं तर ते मेथीला लागू पडेल आणि भेंडीला पडणार नाही, म्हणून जरा मुळापासून सांगतो. मी नारायणगावच्या बाजूला एका पॅकहाउसमध्ये बावीस वर्षं भाजीचं पॅकिंग बघतोय, त्याआधी पुण्याच्या मार्केट यार्डात गाळ्यावर होतो. जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं माल फुकट घालवून शिकलोय.

उपटलेली जुडी मेलेली नसते. ती श्वास घेत असते: ऑक्सिजन घेते, स्वतःतली साखर जाळते आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी नि उष्णता बाहेर टाकते. मुळांकडून येणारं पाणी मात्र बंद झालेलं असतं, त्यामुळे गाठीला जेवढं आहे त्यावरच दिवस काढायचे. थंडीत हा खर्च कमी होतो. तापमान १० अंशांनी उतरलं की श्वसनाचा वेग साधारण निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्श्यावर येतो. २५ अंशांवरची पालेभाजी ५ अंशांवर नेली की तिचा खर्च चौथ्या हिश्श्यापासून थेट नवव्या हिश्श्यापर्यंत उतरतो. हे काम फ्रिजचं आहे. पिशवी कितीही भारी आणली तरी तिला ते जमत नाही. पिशवीने फक्त पाणी सांभाळायचं असतं, आणि थोडीफार हवा.

आता आईच्या फ्रिजबद्दल. तुमची आठवण खरी आहे. जुन्या एकदारी फ्रिजमध्ये पंखा नसायचा. वर बर्फाचा कप्पा, त्याभोवती नळ्या, आणि गार हवा आपोआप खाली उतरायची. बर्फाचे डोंगर साठायचे, बटण दाबून ते वितळवायचे, खालच्या ट्रेमधलं पाणी ओतून टाकायचं. कटकट होती, पण आतली हवा फारशी हलत नव्हती. आजच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये गार नळी पाठीमागे लपवलेली असते आणि पंखा तिच्यावरून हवा फिरवत असतो. ती नळी शून्याच्या बरीच खाली गेलेली असते, म्हणून हवेतलं बाष्प तिच्यावर बर्फ होऊन बसतं, आणि ठरावीक वेळाने तो बर्फ आपोआप वितळून मागच्या भांड्यात जातो. थोडक्यात, तुमचा फ्रिज दिवसभर आतली हवा वाळवतो आणि ती वाळलेली हवा भाजीवरून फिरवतो. उघडी ठेवलेली मेथी म्हणजे पावसाळ्यात पंख्याखाली वाळत घातलेले कपडे.

किती फरक पडतो ते साध्या वजाबाकीने कळतं. पानाच्या आतली हवा बाष्पाने भरलेली, म्हणजे जवळजवळ १०० टक्के आर्द्र असते. बाहेर ४० टक्के असेल तर तूट ६० ची. बंद पिशवीत ९५ टक्के असेल तर तूट ५ ची. पानातलं पाणी या तुटीच्या प्रमाणात ओढलं जातं, म्हणजे त्याच तापमानाला उघडी भाजी झाकलेल्या भाजीच्या बारापट वेगाने सुकते. पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, तरी वजनातलं तीन-चार टक्के पाणी गेलं की पान मान टाकतं. २०० ग्रॅमच्या जुडीत हे झाले सहा-आठ ग्रॅम, म्हणजे चहाचा दीड चमचा. घरात वजनकाटा असेल तर एक जुडी तुमच्या कापडी पिशवीत आणि एक झाकणाच्या डब्यात ठेवून दोन दिवसांनी वजन करून बघा. मी सांगून पटणार नाही इतकं काट्यावर पटतं.

मग सगळं प्लास्टिकमध्ये सीलबंद का करू नये? मीही हेच केलं होतं.

पॅकहाउसमधला माझा पहिला उन्हाळा, मे महिना. पुण्यातल्या एका दुकानाची कोथिंबिरीची ऑर्डर होती. सकाळी तोडणी लांबली आणि क्रेट आमच्याकडे पोचेपर्यंत साडेअकरा झाले. जुडीच्या मध्यात बोटं घातली तर आत कोमट लागत होतं. उन्हाची धग होतीच, वर तिच्या स्वतःच्या श्वासाची. गाडी संध्याकाळी निघणार होती. वेळ वाचवायला आम्ही जुड्या तशाच पिशव्यांत भरल्या, तोंडं सील केली आणि ३ अंशांच्या कोल्ड रूममध्ये ढकलल्या. तीन वाजता आत गेलो तर सगळ्या पिशव्यांना आतून घाम. मला तेव्हा ते ताजेपणाचं लक्षण वाटलं. अगदी दव पडल्यासारखं, टवटवीत दिसत होतं.

चौथ्या दिवशी माल परत आला. एक पिशवी फोडून ओट्यावर पालथी केली. वरची पानं हिरवीगार होती. पण पिशवीच्या तळाच्या घडीत चमचाभर पिवळसर पाणी साचलं होतं, आणि त्या पाण्याला टेकलेली पानं काळपट, काचेसारखी आरपार झाली होती. बोटाने उचलायला गेलो तर देठावरून सुटून बोटालाच चिकटली. दुसरी सड जुडीच्या कमरेला होती, जिथे रबर आवळून बांधलं होतं तिथे. बाकी अख्ख्या पिशवीला काही झालेलं नव्हतं, पण वास असा की गिऱ्हाईक हातात धरणार नाही.

झालं काय होतं, तर पिशवी पाच मिनिटांत गार झाली आणि जुडी तासभर गरम राहिली. गरम जुडी बाष्प सोडत राहिली आणि ते गार पिशवीवर थेंब होऊन बसलं. ३० अंशांची हवा एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरू शकते, ४ अंशांची जेमतेम साडेसहा. उरलेलं कुठेतरी पाणी होऊन पडणारच. लोकांना वाटतं की प्लास्टिकला पाणी सुटलं. ते पाणी कोथिंबिरीचंच असतं, तिच्या पानांतून निघून तिच्याच पायाशी साचलेलं.

पालेभाजीला दमट हवा हवी असते, ओलं पान नको असतं. सड करणाऱ्या जिवाणूंना पसरायला पाण्याचा पातळ थर लागतो. तो मिळाला की ते जखमेतून, चेपलेल्या देठातून आत शिरतात आणि पेशींना एकमेकींशी जोडणारा पेक्टिनचा डिंकच विरघळवतात. म्हणून पान नुसतं सुकत नाही, त्याचा चिखल होतो. कोरड्या पानावर त्यांचं फारसं चालत नाही, मग भोवतालची हवा ९५ टक्के दमट का असेना.

त्या दिवसापासून आमच्याकडे माल आधी उघड्या क्रेटमध्ये गार होतो, मग पिशवीत जातो. घरीही हेच करा, दीड-दोन तास लागतील. भाजीवाला जुड्यांवर सारखं पाणी मारत असतो, त्यामुळे घरी येते ती भाजी मुळात ओलीच असते. आल्या आल्या रबर किंवा सुतळी सोडा. पिवळी, चेपलेली, माती लागलेली पानं काढा. जुड्या पंचावर पसरून पंख्याखाली अर्धा तास ठेवा, वरचं पाणी उडेपर्यंत, पानं मलूल होईपर्यंत नव्हे. मग फ्रिजमध्ये तशाच उघड्या तासभर. धुवायचं नाही. धुवायचीच सवय असेल तर झटकून, कापडाने टिपून अगदी कोरडी करायची तयारी ठेवा.

आता पॅकिंग. जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा तुकडा घ्या, कोरडा. त्यात जुडी सैल गुंडाळा, आणि ती गुंडाळी डब्यात किंवा झिपच्या पिशवीत घाला. आत कापड, बाहेर पिशवी. बाहेरची पिशवी बाष्प अडवते, फ्रिजच्या कोरड्या हवेला आत येऊ देत नाही. आतलं कापड जो काही घाम सुटेल तो पिऊन घेतं आणि पानाला थेंब टेकू देत नाही. तुमच्या दोन्ही पिशव्या बरोबरच होत्या, फक्त एकीत दुसरी घालायची राहिली होती. स्टीलचा मोठा डबा असेल तर पिशवीचीही गरज नाही: तळाला कापड, वर भाजी, वरून कापडाचा पदर, झाकण. भाजी दाबून भरू नका, डब्यात मूठभर जागा रिकामी राहू द्या. दोन दिवसांनी कापड हाताला ओलं लागलं तर बदला. एवढ्यावर चांगली कोवळी कोथिंबीर आठवडा सहज काढते, मेथी-पालक पाच-सहा दिवस. शेपू आणि चाकवत त्याहून नाजूक, ते आधी संपवा.

ओलं फडकं गुंडाळण्याची जुनी पद्धत चुकीची नाही. ती फ्रिजबाहेरची आहे. पाणी उडताना भाजी गार होते, माठासारखी. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये तेच फडकं दीड दिवसात कडक होतं, आणि बंद डब्यात ठेवलं तर नको असलेलं पाणी आपणच आत नेऊन ठेवतो. अळूची पानं तेवढी किंचित ओलसर कापडात गुंडाळून ठेवलेली मी पाहिलीत आणि ती टिकतातही, कारण अळूच्या पानावर पाणी ठरतच नाही.

मेथी निवडून ठेवावी की जुडीच ठेवावी, असं पुष्कळ जण विचारतात. प्रत्येक खुडलेलं टोक ही जखम असते, तिथून पाणी जातं आणि श्वसनही वाढतं. निवडलेली मेथी दोन दिवस आधी जाते. पण बुधवारी रात्री आठ वाजता घरी येऊन मेथी निवडायला कोण बसणार, हेही मला कळतं. तेव्हा सोमवार-मंगळवारची निवडून ठेवा, बाकीची जुडी मुळासकट राहू द्या.

भोकं. हो, पाडायची, पण ती कशासाठी ते समजून. दुकानातल्या कोथिंबिरीच्या पिशवीला जी गोल भोकं असतात ती पाच-सहा मिलिमीटरची असतात. अर्ध्या किलोच्या पिशवीला पेन्सिलच्या जाडीची सहा-आठ भोकं पाडली तरी पिशवीचा बहुतेक भाग बंदच राहतो, त्यामुळे आतला दमटपणा फारसा उतरत नाही. हवेची अदलाबदल मात्र होते आणि जादा बाष्पाला वाट मिळते. आत कापड असेल आणि तुम्ही पिशवी रोज उघडत असाल तर भोकांशिवायही भागतं. तोंडाला गाठ मारू नका, नुसतं दुमडून ठेवा.

भोकांचं खरं काम जास्त श्वास घेणाऱ्या भाज्यांत दिसतं. मटार, ब्रोकोली, मशरूम, स्वीट कॉर्न हे या बाबतीत फार खादाड. सोललेले मटार गच्च बंद पिशवीत दोन-तीन दिवस ठेवून उघडलेत तर आंबूस, दारूसारखा वास येतो. आतला ऑक्सिजन संपला, दाणे ऑक्सिजनशिवाय साखर मोडायला लागले आणि अल्कोहोल तयार झालं. कांदा, बटाटा, कोबी, गाजर यांचा श्वास अगदी मंद, त्यांच्यावर ही वेळ सहसा येत नाही. मशरूमच्या बाबतीत तर हे नुसत्या वासाचं प्रकरण नाही. ऑक्सिजन संपलेल्या बंद डब्यात बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू विष तयार करू शकतात, म्हणून मशरूमच्या पॅकला हवा जायला वाट ठेवलेली असते. ती चिकटपट्टीने बंद करू नका. घरी आणल्यावर कागदी पिशवीत काढलेत तर उत्तम.

मोठ्या कंपन्या याच गोष्टीचा उलट उपयोग करून घेतात. ऑक्सिजन थोडा कमी आणि कार्बन डायऑक्साइड थोडा जास्त असेल तर भाजी मंद जगते. ब्रोकोलीला एक-दोन टक्के ऑक्सिजन आणि पाच ते दहा टक्के कार्बन डायऑक्साइड मानवतो. त्यासाठी भाजीचा श्वास आणि पिशवीतून हवा झिरपण्याचा वेग यांचा मेळ घालून पिशवी बनवतात. साध्या पॉलिथिनमधून कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनच्या तीन ते पाचपट वेगाने बाहेर झिरपतो. तेवढ्यावर भागलं नाही तर लेझरने केसाच्या जाडीची भोकं पाडतात, डोळ्याला न दिसणारी. पण हा सगळा हिशोब एका तापमानाला आणि न उघडलेल्या पिशवीला लागू असतो. घरी तुम्ही पिशवी उघडलीत की तो संपला, मग ती साधी पिशवीच. तेव्हा असल्या पिशवीतून चार काड्या काढून ती परत चिमटा लावून ठेवण्यात काही विशेष नाही. ती कापडाच्या पद्धतीत बसवा.

भेंडीचं दुखणं वेगळं आहे आणि त्यात पिशवीचा दोष अर्धाच. भेंडी, वांगी, काकडी, टोमॅटो ही उष्ण हवेची पिकं, थंडी त्यांना बाधते. भेंडीला ७ ते १० अंश मानवतात, वांगं आणि काकडीला १० ते १२ च्या आसपास. तुमचा फ्रिज ४-५ वर असतो. तिथे तीन-चार दिवसांत भेंडीवर काळे डाग पडतात, वांग्याला खड्डे पडतात आणि आतल्या बिया तपकिरी होतात, काकडीवर पाणी भरल्यासारखे ठिपके येऊन ती बुळबुळीत होते. आम्ही निर्यातीची भेंडी ८-१० अंशांच्या खोलीतच ठेवतो, पालेभाजीच्या खोलीत तिला नेत नाही. त्यात भेंडीची लव घासली गेली की ती जागा काळवंडते, आणि ओली असेल तर लवकरच. म्हणून भेंडी धुऊ नका, कोरड्या फडक्याने हलक्या हाताने पुसा, कापडात किंवा साध्या कागदात सैल गुंडाळा, उघड्या तोंडाच्या पिशवीत घाला आणि फ्रिजच्या दाराच्या कप्प्यात किंवा जिथे कमी गार असेल तिथे ठेवा. तीन दिवस, फार तर चार. रविवारी आणलेली भेंडी शुक्रवारी करायचा बेत असेल तर तो बेत बदला.

वांगं आणि काकडी एक-एक करून प्लास्टिकमध्ये गुंडाळली तर थंडीचे डाग कमी दिसतात, हे खरं आहे. खड्डे पडतात ते बरेचसे पाणी गेल्यामुळे, आणि पाणी अडलं की लक्षण उशिरा दिसतं. पण त्यामुळे वांग्याला थंडी कमी बाधली असं नाही. बाहेर काढून ओट्यावर ठेवलंत की सगळं उघडं पडतं. दोन दिवसांत संपणार असतील तर वांगी टोपलीतच बरी. कच्चे-अर्धकच्चे टोमॅटो फ्रिजमध्ये अजिबात नकोत. पिकलेले, मऊ व्हायला लागलेलेच ठेवा आणि वापरायच्या आधी तासभर बाहेर काढा. गारठ्यात त्यांचा वास बसतो, चव सपक लागते.

मिरच्या सोप्या. देठ ओला राहिला की बुरशी तिथूनच धरते. मिरच्या पुसून, कुजकी एकही आत न राहील असं बघून, कापड घातलेल्या डब्यात ठेवा. गाजर, मुळा, बीट यांचा पाला आल्याबरोबर कापून टाका, तो कंदातलं पाणी ओढत राहतो. मग बंद पिशवीत कापडासह, आठवडे टिकतात. कोबीला देवाने पॅकिंग करूनच पाठवलंय, वरची पानं काढू नका. कापल्यावर मात्र कापलेल्या बाजूला क्लिंग फिल्म लावा. फ्लॉवर पाल्यासकट, गड्डा खाली करून, म्हणजे थेंब पांढऱ्या फुलावर साचणार नाही.

हिरव्या पिशव्यांबद्दल विचारलंत. त्या इथिलीन शोषतात असा दावा असतो. इथिलीन हा पिकणारी फळं सोडतात तो वायू, त्याने पालेभाजी पिवळी पडते, काकडी पिवळी पडते, गाजर कडू होतं. दावा पोकळ नाही, पोटॅशियम परमँगनेटच्या पुड्या आम्हीही वापरतो. त्या जांभळ्याच्या तपकिरी झाल्या की बदलायच्या. पण ५ अंशांवरच्या मेथीला इथिलीनचा त्रास तसाही कमी असतो, आणि तुमच्या तक्रारी सुकण्याच्या नि सडण्याच्या आहेत, पिवळं पडण्याच्या नाहीत. सफरचंदं आणि पिकलेले आंबे भाजीच्या कप्प्यात ठेवू नका, तेवढ्यात बराचसा फायदा फुकट मिळतो. कप्प्याला सरकपट्टी असेल तर पालेभाजीसाठी ती बंद ठेवा. ती पट्टी म्हणजे एक झरोका असतो, दुसरं काही नाही.

पिशव्यांबद्दल अजून दोन गोष्टी. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आल्यावर भाजीवाल्यांकडे ज्या पांढऱ्या-हिरव्या, कापडासारख्या पिशव्या आल्या, त्या कापडाच्या नाहीत. तो पॉलिप्रॉपिलीनचाच, न विणलेला प्रकार आहे. हवा त्यातून आरपार जाते, त्यामुळे भाजी सुकते, आणि थेंब शोषून घ्यायचा गुण त्यात नाही. म्हणजे दोन्हींचे तोटे एका जागी. तुम्ही शिवून घेतलेल्या पिशव्या याच कापडाच्या असतील तर एकदा बघून घ्या: थेंबभर पाणी टाका, सुती असेल तर लगेच पसरेल. दुसरं, जाड पिशवी म्हणजे चांगली पिशवी नव्हे. २०२२ च्या अखेरपासून देशभर १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगला मनाई आहे, पण ती पुन्हा वापरता याव्यात, उडून जाऊ नयेत म्हणून. भाजीची पिशवी २५ ते ४० मायक्रॉनची असली तरी पाणी पुरेसं अडवते. नवीन घेऊ नका. पावाच्या, पिठाच्या पिशव्या धुऊन वाळवून वर्षभर चालतात.

वर्तमानपत्र नको. कागद म्हणून तो छान पाणी पितो, मीही पूर्वी वापरायचो, पण शाईतली रसायनं ओल्या भाजीला लागतात. अन्नपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळू नका, असं एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१६ मध्ये बजावलंय. वहीचे कोरे कागद, किराण्याची खाकी पिशवी किंवा कापडच घ्या.

कांदे-बटाटे फ्रिजमध्ये ठेवत असाल तर आजच बाहेर काढा. त्यांना लागणारं पॅकिंग बरोबर उलटं. कांद्याला कोरडी खेळती हवा लागते, म्हणून तो जाळीच्या पिशवीत येतो आणि शेतकरी त्याला कांदाचाळीत वाऱ्यावर ठेवतो. बंद पिशवीत कांदा ठेवणं म्हणजे त्याला पावसात ठेवण्यासारखंच. बटाट्याला अंधार लागतो, नाहीतर तो हिरवा पडतो. फार गारठ्यात त्यातल्या पिठाची साखर होते आणि तळताना काचऱ्या काळ्या होतात. गोणपाट त्याला बरोबर जमतं, हवा जाते आणि उजेड अडतो.

आणि हे सगळं करण्याआधी एक तपासणी. थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात बुडवून रात्रभर भाजीच्या कप्प्याजवळ ठेवा. सकाळी ५ अंशांच्या आत असायला हवं. पुष्कळ घरांत ८-९ भरतं, कारण फ्रिज गच्च भरलेला असतो आणि मागची हवेची वाट पातेल्याने अडवलेली असते. ब्रिटनमधल्या रॅप या संस्थेने २०२२ मध्ये सफरचंद, केळी, ब्रोकोली, काकडी आणि बटाटा अशा पाच मालांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यातही पॅकिंगपेक्षा साठवणीच्या तापमानाचं वजन जास्त निघालं. आमच्या धंद्यात हे मान्य करणं थोडं जड जातं. दाराची उघडझाप कमी करा. दर वेळी बाहेरची दमट हवा आत येते, गार भाजीवर तिचा घाम धरतो. ऑनलाइन मागवलेली भाजी गार डब्यातून येते, तीही बाहेर काढताच भिजते. तीच ओली पिशवी सरळ कप्प्यात सरकवू नका, पुसून मगच.

राहिला प्रश्न सुकलेल्या भाजीचा. नुसती सुकलेली असेल तर देठाचं टोक अर्ध्या सेंटिमीटरने कापा आणि जुडी गार पाण्याच्या पातेल्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा. बहुतेक पानं उभी राहतात. मग ती त्याच दिवशी वापरायची, परत डब्यात नाही. चिकट झालेल्या पानांना पाण्याने काही होत नाही. ती देठासकट उचलून टाका, खालचं कापड बदला, आणि डबा एकदा गरम पाण्याने धुऊन घ्या.